डांबर बदललं तरी तीच रेघ परत: जड ट्रकखालच्या पुलाचं दुखणं कुठे शोधायचं

लक्षण ओळखायला सोपं आहे. पुलावर नवं डांबर पडतं, काही महिने रस्ता काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो, आणि मग वाहतुकीच्या दिशेने एक सरळ रेघ उमटते. सुताने आखावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कधी एकच, कधी मीटरभराच्या अंतराने तीन-चार. कोणीतरी त्यात गरम बिटुमेन ओततं. पुढच्या वर्षी रेघ हजर, या वेळी कडा तुटलेल्या. मग डांबराचा आणखी एक थर. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीच्या सुरुवातीला अशा रेघेच्या दुरुस्तीवर मी दोनदा सही केली आहे. दुसऱ्यांदा सही करण्याआधी पुलाखाली उतरून मान वर केली असती, तर कळलं असतं की दुखणं डांबराचं नव्हतंच.

रेघ नेमकी कशाची

छोट्या आणि मध्यम गाळ्यांचे (गाळा म्हणजे दोन आधारांमधला भाग) बरेच पूल शेजारी-शेजारी ठेवलेल्या प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या, गर्डरांचे (तुळयांचे) असतात. पोकळ पेट्यांसारखे बॉक्स गर्डर एकमेकांना चिकटवून मांडायचे, दोघांच्या मधल्या खाचेत ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरायचं, जमलं तर सगळ्यांना आवळणाऱ्या आडव्या पोलादी केबल ओढायच्या आणि वर डांबर टाकायचं. काम झटपट होतं. ही ग्राउटची खाच, म्हणजे शिअर की, दिसायला क्षुल्लक असते, पण सगळा पूल तिच्या जिवावर एकत्र काम करतो. चाक एका गर्डरवर आलं की खाचेतून शेजारच्याला खांदा द्यावा लागतो, त्याच्याकडून पुढच्याला. ती फुटली की ज्याच्यावर चाक, तो एकटाच वाकतो. शेजारचा जागचा हलत नाही. दोघांमध्ये वर-खाली सरकण होते आणि वरचं डांबर त्याच ओळीत चिरतं.

खाचेला पहिला तडा ट्रकमुळेच जातो असंही नाही. पुष्कळदा आधी उन्हाने गर्डरचा वरचा भाग तापतो, खालचा थंड राहतो, सांध्यावर ताण येतो आणि ग्राउट गर्डरच्या भिंतीपासून सुटतं. मग ट्रक त्या केसाएवढ्या फटीला लांबवत नेतात. म्हणून नव्या पुलावरही ही रेघ दिसू शकते. "एवढ्यात कसं काय?" म्हणून ठेकेदाराशी भांडण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

खाली उतरून पाहा

वर टेप लावून कठड्यापासून प्रत्येक रेघेचं अंतर लिहून घ्या. मग खाली जाऊन गर्डरांच्या सांध्यांची अंतरं मोजा. दोन्ही जुळली तर निदान जवळजवळ झालं. सांध्यांतून चुना झिरपून पांढरे ओघळ आले असतील तर पाणी बऱ्याच काळापासून उतरतंय. ओघळ तांबूस असेल तर सळईला किंवा केबलच्या तारांना गंज लागला आहे. गर्डरच्या खालच्या कोपऱ्यांवर हातोडीने हळूच टकटक करत जा. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. बद्द आवाजाच्या जागा खडूने तिथल्या तिथे आखून घ्या, घरी जाऊन आठवत नाहीत.

बॉक्स गर्डरच्या पोकळीत पाणी साचलंय का हेही पाहायचं. तळाला निचऱ्याची भोकं असतात, पण ती बुजलेली तरी असतात किंवा मुळात केलेलीच नसतात. एकदा खालून छोटं ड्रिल मारल्यावर बादलीभर नाही, पाच-सहा मिनिटं धार चालली होती. ते सगळं पाणी गर्डर स्वतःच्या अंगावर वागवत होता. ड्रिल मारताना केबलच्या जागा आराखड्यावरून आणि कव्हर मीटरने (काँक्रीटमधलं लोखंड बाहेरून शोधणाऱ्या उपकरणाने) आधी नक्की करा. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नल बसवताना प्रीस्ट्रेसची, म्हणजे काँक्रीटला आवळून धरणारी ताणलेली, एक केबल चुकून तोडली गेली होती. त्या पुलाची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

खात्री करायची तर ट्रक उभा करा

नजरेला दिसलं त्यावर विसंबून लाखोंचं काम काढू नये. एक भरलेला ट्रक घ्या, वजनकाट्यावर प्रत्येक अक्षाचं वजन वेगवेगळं घ्या, आणि गाळ्याच्या मध्यावर प्रत्येक गर्डरखाली डायल गेज (मिलिमीटरच्या अंशात हालचाल मोजणारं उपकरण) लावा. ट्रक एका ठरलेल्या रेषेवर अगदी हळू आणून थांबवा. प्रत्येक गर्डर किती खाली गेला ते लिहा.

सांधे शाबूत असतील तर आकडे उताराने उतरतात: समजा चाकाखालचा गर्डर ४ मिमी, शेजारचा ३.५, त्यापलीकडचा २.८. सांधा तुटला असेल तर मध्येच पायरी लागते: ४, आणि शेजारी एकदम १. ही पायरी कुठल्या दोन गर्डरांमध्ये आहे ते कळलं की दुरुस्तीचं निम्मं काम कागदावर उरकलं. ट्रक काढल्यावर गर्डर किती परत वर येतो तेही मोजा. पुरता भार चोवीस तास ठेवून केलेल्या चाचणीत, भार काढल्यावर साध्या आरसीसीने (सळया घातलेल्या काँक्रीटने) निदान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्डने ८५ टक्के वाक परत घ्यावा, असा वापरातला निकष आहे. त्यापेक्षा कमी आला तर सांधा राहू द्या, गर्डरकडेच वळा.

चाचणी पहाटे करा. दुपारी ऊन पुलाला स्वतःच काही मिलिमीटर वर उचलतं आणि तुमचे आकडे बिघडवतं.

रेघ सांध्यावर नसेल तर

सगळ्याच चिरा या गोष्टीतल्या नसतात. गर्डरच्या मधोमध तळापासून उभ्या निघालेल्या बारीक भेगा वाकण्याच्या असतात. आरसीसीत त्या थोड्याफार असणारच, प्रीस्ट्रेस्डमध्ये असू नयेत. सळईच्या रेषेत लांबवर गेलेली भेग गंजाची असते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

आधाराजवळ तिरकी गेलेली भेग दिसली तर मात्र काम थांबवा आणि आधी त्या बाजूची वाहतूक बंद करा. ती शिअरची, म्हणजे काँक्रीट तिरकं कापलं जाण्याची, असते आणि शिअर फारशी सूचना देत नाही. कॅनडात लाव्हालमधला द ला कॉन्कॉर्ड उड्डाणपूल ३० सप्टेंबर २००६ रोजी पडला, ५ माणसं गेली. आधाराजवळच्या जाड स्लॅबमध्ये शिअरसाठी सळयाच नव्हत्या. पडण्याआधी तासाभरापूर्वी काँक्रीटचे तुकडे खाली पडल्याची तक्रार आली होती, माणूस येऊन पाहूनही गेला होता. तुकडे पडताना दिसले तर ते उचलून बाजूला ठेवणं म्हणजे पाहणी झाली, असं नाही.

आत्ताच का? कारण अक्ष जड झाले

"इतकी वर्षं काही झालं नाही, मग आता का?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर ट्रकच्या एकूण वजनात शोधलं जातं, पण छोट्या गाळ्याला एकूण वजन दिसतच नाही. सहा मीटरच्या गाळ्यावर ५५ टनांचा लांब ट्रक एका वेळी मावत नाही. तिथे मावतो त्याचा एखादा अक्ष (चाकांचा आस) किंवा जोडअक्ष.

भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी अक्षाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली आणि जोडअक्षाची १९ वरून २१ टनांवर. हिशेब करून बघू. ६ मीटरच्या साध्या गाळ्यावर मधोमध ११.५ टनांचा एकेरी अक्ष ठेवला तर वाकवणारा मोमेंट, म्हणजे गाळा वाकवण्याचा जोर, सुमारे १७ टन-मीटर येतो. दोन अक्षांत १.३ मीटर अंतर असलेला २१ टनांचा जोडअक्ष सर्वांत वाईट जागी ठेवला तर सुमारे २५. जुन्या १९ टनांना तोच आकडा २२.७ होता. म्हणजे मोमेंट दहा टक्क्यांच्या आसपास वाढला. चाळीस मीटरच्या काँक्रीट गाळ्यात पुलाचं स्वतःचंच वजन इतकं मोठं असतं की ट्रकमधली ही वाढ तिथे तुलनेने सौम्य पडते. मार बसतो तो छोट्या गाळ्यांना, डेक स्लॅबला, आडव्या गर्डरांना आणि अर्थात सांध्यांना.

पोलादी पुलांवर थकव्याचा, म्हणजे वारंवार भार पडून होणाऱ्या झिजेचा, हिशेब आणखी कडक असतो. वेल्ड केलेल्या सांध्याचं नुकसान साधारणपणे ताणाच्या तिसऱ्या घातात वाढतं, त्यामुळे १०.२ चे ११.५ झाल्यावर प्रत्येक फेरीचं नुकसान सुमारे दीडपटीकडे जातं. वजन बारा-तेरा टक्के वाढलं म्हणून आयुष्यही तेवढंच कमी होईल, असं समजणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः काढून पाहावा.

ब्रिटनने १ जानेवारी १९९९ पासून ४० टनांचे ट्रक चालू दिले, पण त्यासाठी पूल तपासण्याचं आणि सुधारण्याचं पंधरा वर्षांचं काम १९८७ मध्येच हाती घेतलं होतं. आधी पूल आणि मग परवानगी, या क्रमाचा मला हेवा वाटतो.

न दिसणाऱ्या तारा

सांधा गळका राहिला की पाणी सरळ कडेच्या तारांपर्यंत जातं. अमेरिकेत पेन्सिल्वेनियामध्ये आय-७० महामार्गावरून जाणाऱ्या लेक व्ह्यू ड्राइव्ह पुलाचा कडेचा बॉक्स गर्डर २७ डिसेंबर २००५ रोजी खाली रस्त्यावर पडला. पूल असाच, शेजारी-शेजारी ठेवलेल्या गर्डरांचा. आतल्या तारा गंजून गेल्या होत्या. कडेच्या गर्डरवर कठड्याचं वजन असतं, आणि शेजाऱ्याशी सांधा तुटला की ते सगळं त्याला एकट्याला पेलावं लागतं. म्हणून पाहणी कडेच्या गर्डरपासून सुरू करा, सोयीच्या मधल्यापासून नको.

वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी पडला तेव्हा त्यावर एकही वाहन नव्हतं. काँक्रीटचे तुकडे जोडून केलेल्या गर्डरांच्या सांध्यांतून पाणी शिरून केबल कुजल्या होत्या आणि बाहेरून काही कळलं नव्हतं. प्रीस्ट्रेस्ड पुलाबाबत "बाहेरून ठीक दिसतंय" या शेऱ्याला म्हणूनच फार किंमत देऊ नये. हाफ-सेल चाचणीत (सळईचं विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणाऱ्या) कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली वाचन गेलं तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. पण डक्टमधल्या (केबलच्या नळीतल्या) केबलची हालत ही चाचणी सांगत नाही. तिथे निवडक जागी काळजीपूर्वक उघडून पाहावं लागतं. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलणारं रसायन) फवारा: गुलाबी झालं तर ठीक, रंगच आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम) पोचलंय आणि सळईचं संरक्षण संपलंय.

दुरुस्ती: आधी वजन उतरवा

बळकटी म्हटलं की कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवण्याचा प्रस्ताव पहिल्याच आठवड्यात टेबलावर येतो. थांबा. आधी डांबराला भोक पाडून जाडी मोजा.

प्रत्येक दुरुस्तीत ५० मिमीचा थर टाकत गेलात, खरडून काढलं कधीच नाही, तर चार वेळांत २०० मिमी होतात. डांबराचं वजन घनमीटरला सुमारे २.३ टन. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पुलावर ते ९२ टन भरतं. दोन मोठे भरलेले ट्रक कायमचे पार्क करून ठेवल्यासारखं, आणि ते कोणत्याही मर्यादेच्या पाटीला बधत नाहीत. मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला तेव्हा मूळ दोष होता गसेट प्लेटांचा (पोलादी दांडे एकत्र जोडणाऱ्या प्लेटांचा), त्या हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. पण चाळीस वर्षं उभा असलेला पूल त्या दिवशीच का पडला? वर्षानुवर्षं डेक आणि कठडे जड होत गेले होते, आणि त्या दिवशी दुरुस्तीच्या सामानाचे सुमारे २६० टन डेकवर रचून ठेवले होते. १३ जण मरण पावले.

तेव्हा क्रम असा धरा. पहिली गोष्ट आजच: पट्टे आणि अडथळे सरकवून ट्रकची चाकं कडेच्या गर्डरवरून आणि सर्वांत वाईट सांध्यावरून हटवा. वजनमर्यादेची पाटीही लावा, पण पाटीवर भरवसा ठेवू नका. पुलाच्या तोंडाशी भराव खचून ठोकर तयार झाली असेल तर ती लगेच सपाट करा. उडी मारून आलेला अक्ष त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त आपटतो, आणि मला माहीत असलेली सर्वांत स्वस्त बळकटी हीच.

मग सगळं डांबर खरडून काढा आणि सांधे उघडे करा. फुटकं ग्राउट काढताना जड ब्रेकर वापरला तर गर्डरच्या भिंतीही तडकतात. उच्च दाबाच्या पाण्याने किंवा हलक्या अवजाराने काढा. खाचेच्या भिंती खडबडीत करा, धूळ धुऊन काढा, आणि न आकसणारं, चांगलं चिकटणारं ग्राउट पूर्ण खोलीपर्यंत भरा. फक्त वरचा तिसरा हिस्सा भरला की खालचा भाग पुन्हा बिजागरीसारखा उघडतो.

इथेच बहुतेक कामं फसतात. अर्धा पूल चालू ठेवून अर्ध्यात ग्राउट भरतात. शेजारच्या लेनमधून ट्रक जातो, गर्डर खाली-वर होतो, आणि ओलं ग्राउट घट्ट होण्याआधीच सुटतं. मग काम संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात रेघ हजर, आणि दोष साहित्याला. ग्राउटला पुरेशी ताकद येईपर्यंत पूर्ण वाहतूक बंद ठेवा, किंवा निदान दोन्ही बाजूंचे गर्डर वरून पोलादी बीमने तात्पुरते आवळून एकत्र हलतील असं करा.

नुसत्या ग्राउटने भागेल असं मात्र मी धरत नाही. वर १२५ मिमीचा आरसीसी थर द्या, आडव्या सळया सलग आणि गर्डरमध्ये डॉवेल (थर धरून ठेवणाऱ्या आखूड सळया) रोवलेले. आता वजन जुळवून पाहा. २०० मिमी डांबर चौरस मीटरला ४६० किलो होतं. १२५ मिमी काँक्रीट सुमारे ३१० किलो आणि त्यावर ५० मिमी डांबर ११५ किलो, मिळून ४२५. पूल आधीपेक्षा हलका झाला, खोली वाढली आणि गर्डर पुन्हा एकमेकांचा भार वाटून घेऊ लागले. डांबराखाली जलरोधक थर विसरू नका. आराखड्यात आडव्या केबलची सोय असेल तर त्याही बदलून ओढाव्यात.

तरीही कमी पडला तर

एवढं झाल्यावर खऱ्या मोजमापांवर पुन्हा हिशेब करा: खरं काँक्रीट, खरी सळई, उरलेल्या तारा, मोजलेली भारवाटणी. माझ्या अनुभवात "नापास" पुलांपैकी बरेच इथेच पास होतात, कारण पहिला हिशेब कागदावरच्या वाईट गृहीतकांवर असतो.

नाही झाले तर कार्बन लॅमिनेटची, म्हणजे त्याच कार्बन फायबरच्या पट्ट्यांची, वेळ येते. इबाख पुलाची तुटलेली केबल १९९१ मध्ये अशाच पट्ट्यांनी भरून काढली गेली. १७५ किलो पोलादाच्या प्लेटांऐवजी ६.२ किलो कार्बन पुरलं. पण पट्टी चिकटते काँक्रीटला, आणि काँक्रीट सुटं असेल तर पट्टी काँक्रीटसकट उतरते. पुल-ऑफ चाचणीत (चिकटवलेली चकती ओढून काढायच्या) पृष्ठभाग १.५ मेगापास्कलच्या आत निघून येत असेल तर चिकटवू नका. गंजणाऱ्या गर्डरवर तर नाहीच, आत गंज चालूच राहतो आणि वर छान काळी पट्टी. आणि पट्टी एखाद्या आगीत निघून गेली तरी गर्डरने स्वतःचं वजन आणि थोडी वाहतूक पेलली पाहिजे, इतकी ताकद मुळात उरलेली हवी.

वाकण्याची ताकद वाढवली की पुढचा कच्चा दुवा शिअर असतो, हे विसरून केलेली कामं मी पाहिली आहेत. तळाला पट्ट्या, आधाराजवळ काहीच नाही. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडा. बाह्य प्रीस्ट्रेसिंग (काँक्रीटच्या बाहेरून ताणलेल्या केबल) खोल गर्डरांना छान जमतं, पण उथळ बॉक्स गर्डरांत केबलला खाली जायला जागाच मिळत नाही, मग फायदा थोडा आणि अँकरची डोकेदुखी मोठी. बेअरिंग (गर्डरखालची, हालचाल होऊ देणारी बैठक) गोठली असतील तर जॅकने गर्डर उचलून बदला, सगळे आधार एकाच वेळी, काही मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. नदीतला पूल असेल तर वरच्या कामाआधी पाण्याखालचा पाया पाहून घ्या. पुरात पायाखालची माती वाहून गेल्यावर वरचं लॅमिनेट कोणाच्या उपयोगाचं नाही.

रेघ गेली हे कसं कळणार

डांबर टाकल्यावर लगेच कळत नाही. त्याच जागी, तितक्याच अक्षभाराचा ट्रक आणून, त्याच डायल गेजने, पहाटेच, दुरुस्तीनंतर आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. गर्डरांचे आकडे उताराने उतरले पाहिजेत, पायरी दिसता कामा नये. गेजच्या जागा गर्डरच्या तळाला रंगाने क्रमांकासह खुणा करून ठेवा आणि पहिल्या चाचणीचा तक्ता पुलाच्या फाइलला जोडा, कारण सहा महिन्यांनी मोजायला येणारा माणूस दुसराच असेल.